काळ्या कातळातला परका दगड

जमिनीच्या भेगेत शिलारस घुसून थिजला की काळ्या बेसाल्टची उभी भिंत तयार होते. तिला डाईक म्हणतात. धुळे-नंदुरबार भागात अशा भिंती पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींत वेगळ्याच रंगाचे दगड रुतलेले दिसतात. शिलारसाने वाटेत उपटून आणलेले हे तुकडे म्हणजे झेनोलिथ, परके खडक.

गैरसमज १ : कातळातला प्रत्येक पांढरा गोळा परका खडक असतो.
वस्तुस्थिती : आपल्याकडचे पांढरे गोळे बहुधा झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटीचे असतात. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या रिकाम्या जागांत झिरपत्या पाण्यातली खनिजे साचून ते बनले. परक्या दगडाला मात्र मूळ खडकाचे पट्टे, कण आणि तुटक्या कडा असतात.

गैरसमज २ : हे सगळे दगड प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून येतात.
वस्तुस्थिती : धुळे परिसरातल्या राजमाने आणि तळवाडे इथल्या डाईकमध्ये सापडलेले नाईस, क्वार्टझाइट वगैरे तुकडे कवचातले, बेसाल्टखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन खडकांचे आहेत. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भोक पाडून तोच जुना पाया गाठायला ३३८ मीटर बेसाल्ट भेदावा लागला. प्रावरणाचे, हिरव्या ऑलिव्हीनने भरलेले पेरिडोटाइट पाहायचे तर कच्छमधल्या अल्कली बेसाल्टच्या टेकड्यांकडे जावे लागते.

गैरसमज ३ : प्रावरण म्हणजे खदखदता रस.
वस्तुस्थिती : सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचे प्रावरण जवळजवळ सगळे घन आहे. त्याचा थोडासा अंश वितळतो, तोच शिलारस होतो. कच्छचे हिरवे तुकडे याचाच पुरावा. ते खडक म्हणूनच वर आले.

गैरसमज ४ : बाराशे अंशांच्या रसात कुठलाही दगड विरघळून जाईल.
वस्तुस्थिती : ग्रॅनाइटसारख्या दगडाच्या कडा वितळून काच होते खरी, पण ऑलिव्हीनला वितळायला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. पेरिडोटाइटला धोका बुडण्याचा असतो, कारण ते शिलारसापेक्षा जड आहे. रस रेंगाळला असता तर ते तळाला गेले असते. ते वर पोचले, म्हणजे रस काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत वर आला.

रशियात कोला इथे माणसाने १२,२६२ मीटर खोल भोक पाडले, तरी प्रावरण हाती लागले नाही. परका दगड त्या खोलीची बातमी आयती आणतो. पण तो कोणत्या डाईकमध्ये, कुठे रुतला होता हे कळले तरच ती बातमी वाचता येते. म्हणून असा दगड दिसला तर फोटो काढा, जागा टिपून घ्या. छिन्नी-हातोडी मात्र पिशवीतच राहू द्या.