उत्तर सांगू नका, कोडं घाला

सहामाही जवळ आली की घरोघरी एकच सूर ऐकू येतो. चिरंजीव डोळे मिटून इंग्रजीची उत्तरं घोकत असतात आणि आई गाईड उघडून तपासत असते. एक शब्द अडला की गाडी पुन्हा पहिल्या ओळीवर! मार्क मिळतातही. पण पाहुण्यांनी साधा प्रश्न इंग्रजीत विचारला की हाच मुलगा आईच्या पदराआड दडतो. अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर सगळी पुस्तकं इंग्रजीत येतात, तेव्हा हे पाठांतर कुठवर पुरणार?

आपल्याकडे मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना मी अर्धवेळ शिकवते. त्यांना पाठांतर कमी पडत नाही, मैत्रिणींनो. कमी पडते ती इंग्रजीतून विचार करायची सवय. ती लावायला आईला फर्डं इंग्रजी यायलाच हवं असं मुळीच नाही.

बंगलोर-मद्रासकडच्या काही शाळांत एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात एक प्रयोग केला होता. व्याकरण घोकून घेण्याऐवजी मुलांपुढे एखादं कोडं ठेवायचं. कधी रेल्वेचं वेळापत्रक, कधी नकाशा. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर एक कोडं सोडवत. मग तसंच दुसरं मुलांनी आपापलं सोडवायचं. मन उत्तर शोधण्यात गुंतलं की भाषा नकळत मुरते, हा त्यामागचा विचार.

हे आपल्याला घरीही जमेल. आजोळी जायच्या दोन एस.टी. गाड्या कागदावर इंग्रजीत लिहा. पहिली ७ वाजता सुटते, १० ला पोचते. दुसरी ८ ला सुटते, साडेदहाला पोचते. आता विचारा, "विच बस टेक्स लेस टाइम?" उत्तर आलं की लगेच, "व्हाय?" मग थोडी मेख मारा: आजीला सव्वादहाला दवाखान्यात न्यायचंय, तर कोणती गाडी धरायची? मूल आधी मराठीत बोलेल, बोलू द्या. मग "फर्स्ट बस" एवढंच म्हणेल. तेही चालेल. पूर्ण वाक्य चार दिवसांनी येईल.

नियमसुद्धा सांगून टाकू नका, त्यालाच शोधू द्या. "ॲन एग, ॲन अंब्रेला, अ बुक, अ डॉल" असं लिहून विचारा, ॲन कुठे येतं? तो म्हणेल, ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपुढे. लगेच शाबासकी देऊ नका! त्याच्यापुढे "ॲन अवर" आणि "अ युनिफॉर्म" ठेवा. एच असून ॲन, आणि यू असून अ? त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि आपण खुशाल भाजी निवडत बसा. नियम अक्षराचा नाही, कानाला येणाऱ्या उच्चाराचा आहे, हे त्याचं त्याला उमगलं की पुन्हा विसरायचा नाही.

आणि चुकलं म्हणून रागावू नका हं. गेलो म्हणताना मूल "वेंट"ऐवजी "गोड" म्हणालं, तर हसू नका. असा शब्द त्याला कुणी शिकवलेला नसतो. वॉकचं वॉक्ड होतं, प्लेचं प्लेड होतं, म्हणून गोचं गोड, हा त्याने स्वतःच्या डोक्याने लावलेला हिशेब आहे. "विचार बरोबर आहे, पण हा शब्द जरा हट्टी आहे," एवढंच सांगा आणि वेंट सांगून द्या.

रोज दहा मिनिटं पुरेत. आज गाड्यांचं कोडं, उद्या वाण्याच्या यादीचं: शंभर रुपयांत काय काय येईल? कुकरच्या शिट्या होईपर्यंत एक कोडं सहज सुटतं. आणि एखाद्या कोड्याचं उत्तर तुम्हालाही आलं नाही, तर शब्दकोश काढून दोघं मिळून शोधा. आई शोधतेय हे पाहिलं की मुलालाही शोधायची गोडी लागते.