रांगेतला नंबर

आमच्या टिटवाळ्यात अंगारकीला जो आला नाही, त्याला रांग म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. आदल्या रात्रीपासून गाड्या भरून माणसं उतरतात आणि स्टेशनपासून देवळापर्यंत रस्ता दिसेनासा होतो. त्या रांगेत एक मोठा दिलासा असतो. उशीर होईल, पाय दुखतील, पण शेवटच्या माणसालाही दर्शन होतं. खेळाच्या रांगेचं तसं नाही. तिथे चोवीस जण आत गेले की खिडकी बंद होते. पंचविसावा घरी जातो.

हे आज आठवायचं कारण आमच्या चाळीतला एक मुलगा. वय सोळा. हॉकी खेळतो. टिटवाळ्यात हॉकीचं कृत्रिम मैदान कुठलं असायला? त्यामुळे काठी पाठीला लावून पहाटेच्या लोकलनं मुंबई गाठतो आणि परत येऊन कॉलेजला जातो. मध्यंतरी तो एका निवड शिबिराला गेला होता. बेचाळीस मुलं होती. शेवटी भिंतीवर यादी लागली, क्रमांकासकट. पहिल्या चोवीस जणांना पुढे बोलावलं. आमचा मुलगा एकतिसावा. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘चाचा, तुम्ही कवितांच्या स्पर्धेला परीक्षक असता ना? नंबर लावतात कसे?’’

प्रश्न साधा होता, पण त्यामागे घर होतं. ‘‘एकतिसावा म्हणजे संपलंच की, आता आयटीआयचा फॉर्म भर,’’ असं वडील म्हणत होते. त्यांचंही चुकत नव्हतं. पासाचे पैसे, बुटांचे पैसे, काठी मोडली की तिचे पैसे. म्हणून मी उत्तर नीट शोधायचं ठरवलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी, की होतकरू खेळाडूंची क्रमवारी लावणारा माणूस एका वेळी दोन प्रश्नांची उत्तरं देत असतो. आज कोण चांगलं खेळतो, हा पहिला. पाच वर्षांनी कोण चांगलं खेळेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डोळ्यांना दिसतं. दुसऱ्याचं अंदाजानं द्यावं लागतं. गडबड होते ती पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहिलं की.

माझंच उदाहरण सांगतो. हॉकी इंडिया लीगमध्ये ‘दबंग मुंबई’ नावाचा आपला एक संघ होता. २०१७ साली तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि कलिंगा लान्सर्सकडून हरला. लहानपणी अब्बांचं बोट धरून चर्चगेटच्या मैदानावर हॉकी पाहिलेला मी माणूस, त्यामुळे त्या मोसमात पुन्हा हुरूप आला होता. लोकलमध्ये बसून वहीच्या मागच्या पानावर मी त्या संघातल्या तरुण पोरांची क्रमवारी लावली. पहिला हरमनप्रीत सिंग, दुसरा गुरजंत सिंग आणि त्यांच्या बराच खाली नीलकांत शर्मा.

हरमनप्रीतला पहिला नंबर देण्यात माझं काही शहाणपण नव्हतं. २०१५च्या मोसमासाठी मुंबईनं त्याला ५१ हजार डॉलरला घेतलं, तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू काठीच्या आकड्यात घेऊन ओढत फेकायचा, म्हणजे ड्रॅग फ्लिक मारायचा, ही त्याची कला. २०१६ला रिओ ऑलिंपिकही तो खेळून आला होता. गुरजंत आघाडीचा खेळाडू. डिसेंबर २०१६मध्ये लखनौला ज्युनियर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतानं बेल्जियमला २-१ असं हरवलं, त्यातला एक गोल त्याचा. त्याला दुसरा नंबर देणंही सोपंच.

आणि मणिपूरचा नीलकांत? तो मधल्या फळीत खेळायचा. समोरच्याची चाल तोडायची, चेंडू घ्यायचा, मोकळ्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी धावायचं. गोल झाल्यावर कॅमेरा ज्याच्याकडे वळतो, त्याच्या दोन पास मागे हा असायचा. माझ्या डोळ्यांना तो दिसलाच नाही. पुढे ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारतानं जर्मनीला ५-४ असं हरवून एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आणलं. त्या संघात हरमनप्रीत होता, गुरजंत होता आणि नीलकांतही होता. माझी वही कपाटात तशीच आहे. मी ती फाडलेली नाही. परीक्षक म्हणून कुठे बोलावणं आलं, की जाण्याआधी ते पान एकदा बघतो.

यातून पहिला नियम निघतो. खेळाडूची तुलना त्याच्याच जागेवर खेळणाऱ्यांशी करावी. आघाडीच्या पोराचं काम गोलांत मोजता येतं. बचावफळीच्या पोराचं काम न झालेल्या गोलांत असतं, आणि न झालेली गोष्ट कागदावर उमटत नाही. गोलकीपरचं तर आणखी अवघड. संघ बलवान असेल तर त्याच्याकडे चेंडूच येत नाही, मग पाहणारा पाहणार काय?

दुसरा नियम वयाचा. हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वयोगटाच्या स्पर्धांत वय मोजायची तारीख बहुधा १ जानेवारी असते. म्हणजे एकाच वर्षी जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एका गटात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे लहान अंतर नव्हे. उंचीत, ताकदीत, धावण्यात फरक पडतो. पाहणाऱ्याला जानेवारीचा मुलगा ‘गुणी’ वाटतो आणि डिसेंबरचा ‘कच्चा’. गुणी म्हणून पहिल्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात. मग तो खरोखरच पुढे जातो आणि निवडणारे म्हणतात, बघा, आम्ही ओळखलं होतं! कॅनडात बर्फावरच्या हॉकीतल्या तरुण खेळाडूंच्या जन्मतारखा संशोधकांनी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले जास्त आणि शेवटी जन्मलेले कमी, असंच चित्र निघालं. ही गोष्ट १९८५ सालची. पुढे अनेक देशांत, अनेक खेळांत हेच आढळलं.

लखनौच्या त्या विश्वचषकासाठी १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेलेच पात्र होते. गुरजंतची जन्मतारीख २६ जानेवारी १९९५. महिनाभर आधी जन्मला असता तर अंतिम सामन्यातला तो गोल त्याच्या नावावर नसता. खेळ तोच, पोरगा तोच, तारीख तेवढी वेगळी.

आणि आपल्याकडे तारखेचीही एक गंमत आहे. माझा जन्म पावसाळ्यातला, भर श्रावणातला, असं अम्मी सांगायची. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून आहे. माझ्या वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनला! गुरुजींनी नाव घालताना सोयीची तारीख टाकली. माझं त्यात काही बिघडलं नाही, कवितेला वयोगट नसतो. खेळात मात्र असा दाखला एखाद्याचं भलं करतो आणि दुसऱ्याचं नुकसान. म्हणून निवडणाऱ्यानं यादी हातात घेतली की नावाशेजारी जन्माचा महिना आधी वाचावा.

तिसरा नियम, काय शिकवता येतं आणि काय येत नाही, हे वेगळं लिहावं. ताकद वाढवता येते. दम वाढतो. ड्रॅग फ्लिकही हजार वेळा मारून सुधारते. पण चेंडू येण्याआधी मान वळवून कोण कुठे आहे हे पाहणारा मुलगा आणि चेंडू आल्यावर विचार करणारा मुलगा, यांच्यातलं अंतर सहज भरून निघत नाही. जाणती माणसं म्हणूनच चेंडूकडे कमी आणि चेंडू नसलेल्या मुलाकडे जास्त बघतात. दुसरं बघतात ते चूक झाल्यावरचं. चेंडू गमावल्यावर मुलगा कपाळाला हात लावून उभा राहतो, की उलटा धावत सुटतो? तो अर्धा मिनिट सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगतो.

इतकं सगळं पाहूनही चुका होतात. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक बर्फहॉकीत, एनएचएलमध्ये, दरवर्षी अठराच्या आसपास वयाच्या मुलांची संघवार निवड होते. वर्षभर जाणकार गावोगाव हिंडून क्रमवारी लावतात. १९९३ साली ओटावाच्या संघानं पहिल्या क्रमांकावर अलेक्झांद्र डेग या मुलाला घेतलं. केवढा गाजावाजा झाला! पण त्याच्या हातून अपेक्षेइतकं काही झालं नाही. उलट डेट्रॉइटच्या संघानं १९९८ साली १७१व्या क्रमांकावर पावेल दात्स्युकला आणि १९९९ साली २१०व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्गला घेतलं. २००८ साली त्याच दोघांच्या जोरावर डेट्रॉइटनं स्टॅन्ले चषक जिंकला. २१०वा म्हणजे त्याच्या आधी दोनशे नऊ वेळा कुणी ना कुणी दुसरंच नाव घेतलं होतं.

म्हणून काय यादी करायचीच नाही? तसंही नाही. पैसे मोजके, जागा मोजक्या. २०२४च्या ऑक्टोबरात हॉकी इंडिया लीग पुन्हा उभी राहिली तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघाला लिलावात ४ कोटी रुपयेच खर्चता येत होते. संघ चोवीस जणांचा आणि त्यात किमान चार ज्युनियर हवेतच, असा नियम. पायाभूत किंमत २, ५ किंवा १० लाख. हरमनप्रीतसाठी सूरमा क्लबनं ७८ लाख मोजले. एका नावावर एवढं गेलं की बाकीच्यांसाठी हात आखडतो आणि मग २ लाखांतला कुठला पोरगा उद्या मोठा होईल, हे ओळखणाऱ्याला भाव येतो. क्रमवारी हवीच. ती कशी वाचायची, एवढाच प्रश्न.

माझं मत असं, की रांग लावण्यापेक्षा गट करावेत. आज तयार असलेले एका गटात. दोन वर्षांत तयार होतील असे दुसऱ्यात. अजून कळत नाही, पुन्हा बघावे लागतील, असे तिसऱ्यात. अकरावा आणि बारावा यांच्यात खरा फरक किती, हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही. गटांमधला फरक मात्र सांगता येतो. आणि यादीवर तारीख लिहावी, पुन्हा कधी बघणार तीही. तारखेशिवायची यादी मुलाला निकालासारखी वाटते.

आमच्या मुशायऱ्यात क्रम उलटा असतो. नवखा सगळ्यांत आधी वाचतो आणि उस्ताद शेवटी. त्यामुळे नवख्याला कुणी ‘तू पहिला’ म्हणून डोक्यावर घेत नाही. त्याचं फक्त ऐकतात आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलावतात. हे पुन्हा बोलावणं फार मोलाचं असतं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २०२४-२५च्या त्या मोसमात ना पुरुषांत आपल्या नावाचा संघ होता, ना महिलांत. पण २६ जानेवारी २०२५ला रांचीत महिलांच्या पहिल्यावहिल्या लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सनं सूरमाला २-१ असं हरवलं आणि ओडिशाचे दोन्ही गोल महाराष्ट्राच्या ऋतुजा पिसाळनं केले. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताच्या संघापर्यंत पोहोचल्या. गावाकडच्या या मुली आधी कुणाला तरी दिसाव्या लागल्या. एकदा बघून नाही, पुन्हा पुन्हा बघून.

तर त्या मुलाचं काय झालं? मी त्याला म्हटलं, ‘‘नंबर का आला हे विचारू नकोस. तीन गोष्टी विचारून ये. मी कुठल्या गटात? माझं काय कमी पडलं? आणि मला पुन्हा कधी बघाल?’’ तो लाजत लाजत गेला. प्रशिक्षक भला माणूस निघाला. डाव्या बाजूनं आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात थांबत नाही आणि वळायला वेळ लागतो, असं त्यानं सांगितलं. मग हातातल्या कागदावर जन्मतारीख पाहिली. १९ डिसेंबर. जरा थांबून म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी ये.’’

हे मी त्याच्या वडिलांना सांगायला गेलो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘‘चाचा, पुढच्या वर्षी पण एकतिसावा आला तर?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, की तेव्हा आयटीआय असेलच की, ते कुठे जात नाही. आणि तेव्हाचा एकतिसावा नंबर आजच्यापेक्षा खरा असेल, कारण तो दोनदा बघून लावलेला असेल. त्यांनी एक वर्ष दिलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चाळीच्या मागच्या भिंतीवर चेंडू आपटत असतो. डावीकडून येणारा चेंडू थांबवायचा सराव. ठक्, मग थोडी शांतता, मग पुन्हा ठक्. माझी लिहायची वेळ तीच. पहिले काही दिवस एका ओळीपुढे सरकता येईना. आता कान सरावले आहेत. परवा लक्षात आलं, की दोन आवाजांमधली ती शांतता थोडी वाढली आहे. म्हणजे चेंडू काठीपाशी थांबू लागला असावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)