संगणकाचे कवच आणि दुरुस्तीची वेळ

मॅकला विषाणूची बाधा होत नाही, ही समजूत २०१२ साली फोल ठरली. ‘फ्लॅशबॅक’ या घातक आज्ञावलीने त्या वर्षी सहा लाखांहून अधिक मॅक संगणक ग्रासले. तिचा शिरकाव झाला तो ‘जावा’मधील एका छिद्रातून. विंडोजपुरते ते छिद्र ओरॅकलने फेब्रुवारीतच बुजविले होते. अ‍ॅपलची दुरुस्ती मात्र एप्रिलमध्ये आली. म्हणजे एरवी जिला नावे ठेवली जातात, ती विंडोजच त्या खेपेस अधिक सुरक्षित होती!

मे २०१७ मध्ये पारडे फिरले. ‘वॉनाक्राय’ने विंडोज संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली. बाधितांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते, आणि तिच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ती चढविण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, इतकेच.

घरगुती लिनक्सवर असे हल्ले विरळा. याचे श्रेय तिच्या शिस्तीइतकेच तिच्या अल्पसंख्येलाही द्यावे लागेल.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या शिक्षकाचा जुना संगणक विंडोज ११ पेलू शकत नाही, त्याला वाढीव मुदतीच्या दुरुस्त्या कायमच्या मिळणार नाहीत. नवा संगणक परवडत नसेल, तर त्याच यंत्रावर विनामूल्य लिनक्स चढविणे हाच मार्ग त्याच्यापुढे उरतो.