दोन आणि दोन चार, काळ्या पडद्यावर

जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या वस्त्यांतील काही अभ्यासिकांत कुणीतरी दान दिलेला जुना संगणक कोपऱ्यात पडून असतो. त्यावर नवे खेळ चालत नाहीत, म्हणून मुले त्याला भंगार म्हणतात. परंतु त्याच यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली घातली की टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडता येते. तेथे चित्र नाही, माऊसचे काम नाही. आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचे. या खिडकीत '२०४८' हा आकड्यांचा खेळ खेळता येतो. एकदा बसवला की ना इंटरनेट लागते, ना पैसे.

चार बाय चार अशी सोळा घरे. त्यांत २ आणि अधूनमधून ४ हे आकडे येत राहतात. बाणाची कळ दाबली की सारे आकडे एका बाजूला सरकतात. सारखे दोन भिडले की त्यांची बेरीज होऊन एकच उरतो. २ दहा वेळा दुप्पट झाला की २०४८! ऐकायला सोपे, पण तेथवर जायला नऊशेच्या वर चाली लागतात. चारही कळा बडवणारा पोरगा लवकर अडकतो. मोठा आकडा एका कोपऱ्यात बसवून शक्यतो तीनच कळा वापरणारा पुढे जातो.

गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारच्या सुटीत हा खेळ तयार केला. त्याच जातीचे '१०२४' आणि 'थ्रीज' हे खेळ आधी आले होते. त्याने आपला प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे इतरांनी टर्मिनलसाठीही तो खेळ लिहिला, आणि तेही प्रोग्रॅम कुणालाही वाचता येतात, बदलता येतात.

मला महत्त्व वाटते ते याचे. आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची ती नोंद. गणिताचे एवढे मोठे ठाणे खानदेशात होते. पण आपल्या पूर्वजांना त्याची पायरी कोण चढू देणार होते? इथे मात्र फाइल उघडली की सारा हिशेब डोळ्यांसमोर. चारऐवजी पाच घरे केली तर काय होते, हे करून पाहणारे मूल नुसते खेळत नसते.

आई-वडिलांची तक्रारही रास्त आहे. या खेळाची चटक लागते. दहावीच्या मुलाला अर्धा तास पुष्कळ झाला. अभ्यासिकेच्या चालकांनी वही घालून पाळ्या लावाव्यात. रविवारच्या वंदनेनंतरची पहिली पाळी मुलींना द्यावी. रोज संध्याकाळी त्या भाकरी थापत असतात आणि संगणकापुढे त्यांचे भाऊच बसलेले दिसतात.