घटमाला भारक
घटमाला भारक : संचायक घटमालेत एकदिश प्रवाह सोडून ती पुन्हा विद्युत् भारित करणारे साधन. मोटारगाडी, ट्रॅक्टर व बसून चालवावयाचे हिरवळ कापणी यंत्र यांत बहुधा सहा घटांची, १२ व्होल्टची शिसे-अम्ल घटमाला असते. हा घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये तयार केला. वापर नसतानाही घटमाला हळूहळू विसर्जित होते. ती तशीच पडून राहिल्यास पट्टिकांवरील लेड सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि ती अखेर निकामी होते.

भारक निवडताना घटमालेचा दाब, प्रकार व क्षमता या तीन गोष्टी पाहतात. भारण प्रवाह सामान्यतः क्षमतेच्या सु. एकदशांश ठेवतात, उदा., ५० अँपिअर-तासांच्या घटमालेस ५ अँपिअर. साध्या भारकात मुख्यतः रोहित्र व एकदिशकारक असतात; त्याचा प्रवाह वेळीच बंद न केल्यास पाण्याचे अपघटन होऊन विद्युत् विच्छेद्य आटते. स्वयंचलित भारक दाब सु. १४·४ व्होल्ट झाल्यावर प्रवाह कमी करीत नेतो. परिरक्षक भारक त्यानंतर दाब सु. १३·५ व्होल्टवर राखतो. त्यामुळे हंगामी यंत्राची घटमाला महिनोन्‌महिने जोडून ठेवता येते. लिथियम घटमालेस मात्र तिच्यासाठीच बनविलेला भारक लागतो.

भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो व ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून जागा हवेशीर असावी आणि अग्रांना तारा जोडताना व काढताना भारकाचा विद्युत् पुरवठा बंद ठेवावा.