पिनकोडचे सहा आकडे

मागच्या दिवाळीत आमच्या गटाचं शेंगदाणा चटणीचं पार्सल लातूरला जायचं होतं. ते गेलं परभणीकडे, आणि परत आलं तेव्हा भाऊबीजही होऊन गेली होती. गिऱ्हाईक तुटलं. चूक आमचीच. मोबाईलवर पत्ता भरताना पिनकोडात ४१३ च्या जागी ४३१ पडलं. पण त्याच फॉर्मनं आधी आम्हाला दोनदा परत फिरवलं होतं, मग ही चूक त्यानं कशी चालवून घेतली?

बऱ्याच फॉर्मची तपासणी अगदी साधी असते. आकडे सहाच आहेत ना? पहिला शून्य नाही ना? मध्ये दुसरं काही घुसलं नाही ना? एवढं जुळलं की फॉर्म पुढे सरकतो. आम्ही आधी ‘४१३ ५१२’ असं मध्ये जागा सोडून लिहिलं. पाकिटावर ते चालतं, पण फॉर्मनं ती जागाही मोजली. मग मराठी आकडे टाकले. त्याला इंग्रजीच हवे होते. खरं तर जागा गाळणं, मराठी आकडे बदलून घेणं हे काम प्रोग्राम लिहिणाऱ्याला सहज जमतं. त्यानं ते करावं. दर वेळी बाईलाच का चुकलीस म्हणायचं?

४३१ मात्र दिसायला बिनचूक. त्या आकड्यांनी सुरू होणारे पिनकोड आहेतच, जालना-परभणी-नांदेडकडचे.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवली आपल्याच मराठी माणसानं, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. एकाच नावाची गावं किती, अन् पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा किती! पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपालाची छाननी कुठे होणार ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. म्हणजे शेवटी चुकलं तर पार्सल बहुधा जवळपासच भरकटतं, सुरुवातीला चुकलं तर पार दुसऱ्या जिल्ह्यात.

काही फॉर्म पिनकोड टाकताच जिल्हा आपणहून दाखवतात. तिथे घाई करू नका, जिल्ह्याचं नाव वाचा. आणि तालुक्याचा पिनकोड पाठ आहे म्हणून तोच गावाला लावू नका. आपल्या पोस्टमनला विचारा, किंवा टपाल खात्याच्या संकेतस्थळावर गावाच्या पोस्टाचं नाव घालून बघा.

आता आमच्या वहीत पिनकोडासाठी सहा चौकटी आखल्यात. एक जण टाकते, दुसरी वहीतून एकेक आकडा मोठ्यानं वाचते. पैसे त्यानंतरच भरायचे.