वहिवाट मोडताना

गावाकडे एखाद्याच्या शेतातून लोक वर्षानुवर्षे ये-जा करत असले, की कागदावर नसलेली ती वाटही ‘वहिवाट’ होऊन बसते. मालकाने पुढे कुंपण घातले, की तंटा ठरलेला. संगणकाच्या जगातही अशा वहिवाटा असतात.

प्रोग्रॅम लिहिणारा सगळे काही स्वतः लिहीत नाही. इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग तो वापरतो; त्या संग्रहाला ‘लायब्ररी’ म्हणतात. ‘पायथन’ या भाषेत आकडेमोडीसाठी ‘नमपाय’ ही लायब्ररी आहे. ती ओपन सोर्स, म्हणजे तिची आतली रचना कुणालाही पाहता येते. लोकांसाठी ठेवलेले दर्शनी दार वेगळे आणि कर्त्यांच्या स्वतःच्या कामाची ‘कोअर’ नावाची आतली खोली वेगळी. पण खोली दिसते म्हटल्यावर लोक तिथेही शिरू लागले.

२००६ मध्ये नमपायची १.० आवृत्ती आली होती; २.० आली जून २०२४ मध्ये. या वेळी आतल्या खोलीच्या नावाआधी एक खालची आडवी रेघ जोडली गेली. पायथनमध्ये ही रेघ म्हणजे ‘खासगी’ अशी पाटी, कुलूप नव्हे.

मी त्या खोलीत कधी गेलो नव्हतो, म्हणून निर्धास्त होतो. तालुक्यातल्या पावसाच्या तीस वर्षांच्या नोंदी नव्या आवृत्तीवर साठवून मित्राला पाठवल्या. दुसऱ्या दिवशी त्याला त्या ग्रामसभेत मांडायच्या होत्या. त्याच्या संगणकावर फाइल उघडेना! मी साठवणीची जी पद्धत वापरली होती, तिला पायथनमध्ये ‘पिकल’, म्हणजे चक्क लोणचे म्हणतात. ती माहितीबरोबर आतल्या खोलीचे नावही फाइलमध्ये लिहून ठेवते. मित्राकडच्या जुन्या नमपायला ते नवे नाव ठाऊकच नव्हते.

उपाय कर्त्यांनी आधीच करून ठेवला होता. नव्या आवृत्तीत जुने नाव वापरले, तर इशारा मिळतो, पण वाट एकदम बंद होत नाही. आणि जुन्या १.२६ च्या पुढच्या दुरुस्त्यांमध्ये नवे नाव ओळखण्याची सोय केलेली होती. मित्राने रात्री ती दुरुस्ती घेतली आणि नोंदी उघडल्या.

आतला भाग बदलण्याचा कर्त्यांना हक्क हवाच. नाहीतर लायब्ररी सुधारणार कशी? पण वाट मोडण्याआधी पाटी लावावी आणि काही काळ दोन्ही वाटा चालू ठेवाव्यात. आपणही दर्शनी दारानेच जावे, आणि जपायच्या नोंदी कुणालाही वाचता येतील अशा साध्या स्वरूपात ठेवाव्यात. लोणचे टिकते खरे. पण बरणीचे झाकण उघडले पाहिजे ना!